गाडीचं पाणी कुठं गेलं

गाडीचं पाणी कुठं जातंय ते शेवटी सुनेच्या जिभेनं शोधून काढलं. भर दुपारी, रस्त्याच्या कडेला, घरच्या सगळ्या माणसांदेखत तिनं मैल्याच्या गाडीत अंथरलेली चादर पिळली, निघालेल्या पाण्यात बोट बुडवलं आणि ते बोट तोंडात घातलं.

हे घडलेलं नाही. त्या घरात कुणालाही विचारा. सासरा म्हणेल, कसली चादर. सासू म्हणेल, अहो, आमच्या सुनेला दुधावरची साय बघूनही मळमळतं. जावई काळा चष्मा वर सरकवून दुसरीकडं बघेल. तेव्हा जे घडलंच नाही ते बाजूला ठेवू आणि पावसापासून सुरुवात करू.

त्या वर्षी पाऊस आला आणि परत जायचं विसरला. जमिनीनं पाणी प्यायचं बंद केलं. विहिरी काठोकाठ भरल्या, तेव्हा लोक खूश झाले. मग घराघरातल्या संडासाच्या टाक्याही काठोकाठ भरल्या. बादलीभर पाणी ओतलं की ते खाली जायच्या ऐवजी थोडं वर येऊन बघायला लागलं. बायका दार लावायच्या आणि आत बसल्याबसल्या जमिनीकडं डोळे लावून असायच्या.

अशा दिवसांत गावाला मालकाची आठवण यायची. मालक म्हणजे सुनेचा सासरा. त्याला घरात, गावात सगळे मालकच म्हणायचे, आणि त्याच्या मालकीची एकच वस्तू होती, ती म्हणजे टाक्या उपसायची गाडी. एरवी ही गाडी समोरून आली की लोक तोंड फिरवून भिंतीचा रंग न्याहाळायचे. आता तेच लोक मालकाला वाटेत अडवून विचारत होते, तब्येत कशी आहे, घरचे कसे आहेत, आणि आमच्याकडं कधी येताय.

गाडी जुनी होती. पुढं ट्रकचं तोंड, वर आडवी गोल टाकी, मागं हत्तीच्या सोंडेएवढा पाइप. टाकी आधी दुधाची होती. मालकानं ती घेतल्यावर वरून काळा रंग मारून घेतला, पण रंग स्वस्तातला निघाला. दर उन्हाळ्यात तो थोडा थोडा उडायचा आणि खालून जुनी निळी अक्षरं वर यायची. आता टाकीच्या दोन्ही अंगांना 'ताजे व शुद्ध' असं लांबूनही वाचता यायचं. मालकाला कुणी ते दाखवलं की तो म्हणायचा, वाचतं कोण.

गाडी मुलगा चालवायचा. मागं पाइप धरायला जावई होता. हा घरजावई काळा चष्मा लावून पाइप धरायचा, म्हणजे ओळखीच्या लोकांनी ओळखू नये. लोक त्याला लांबून हाक मारून विचारायचे, चष्म्यातून कसं दिसतं सगळं.

चालवणं आणि पाइप धरणं, या दोन कामांत जमीन-अस्मानाचा फरक होता. चालवणारा काचा वर करून बसतो, त्याचे हात चाकावर असतात. पाइप धरणाऱ्याचे हात कुठं असतात ते सांगायला नको. सुनेचं लग्न चाकाशी झालं होतं. मध्यस्थानं सांगितलं होतं, मुलगा ड्रायव्हर आहे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. काय चालवतो, एवढं विचारायचं तिच्या वडिलांना सुचलं नाही. वडील कचेरीबाहेर पत्र्याखाली बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. सगळा दिवस 'मेहेरबान साहेबांच्या सेवेशी' करण्यात जायचा, आणि मुलगी त्यांचे अर्ज स्वच्छ अक्षरात उतरवून काढायची. एकही अर्ज मंजूर झालेला तिनं पाहिला नव्हता, पण अक्षराचं सगळे कौतुक करायचे.

सासरी आल्यावर पहिल्याच दिवशी तिच्या लक्षात आलं की या घरात नाक फक्त तिलाच आहे. बाकीच्यांची होती, पण शोभेची. गाडी अंगणात उभी असायची आणि सासू तिच्या सावलीला बसून कांदा चिरायची. वास, असं सून म्हणाली की सासू खरोखर आश्चर्यानं विचारायची, कसला. सून मग पदर नाकाला लावायची आणि तिचं तोंड आपोआप वाकडं व्हायचं. त्या तोंडाचा घरात मोठा बोलबाला झाला. गाडी अजून वळणावरही आलेली नसायची आणि सुनेचं तोंड वाकडं व्हायचं, की सासू चहाचं आधण ठेवायची. "आमच्या सुनेच्या तोंडासारखं घड्याळ नाही," ती शेजारणींना सांगायची. "कधी चुकत नाही."

नवरा तसा वाईट नव्हता. पण तो गाडीतून उतरून थेट घरात यायचा, आणि गाडीतली जमीन त्याच्या तळव्यांना चिकटून पलंगापर्यंत यायची. म्हणून तिनं एक काम स्वतःहून अंगावर घेतलं. रोज संध्याकाळी ती बादली घेऊन गाडीत चढायची आणि लिंबाच्या वासाचं हिरवं फिनेल ओतून पायाखालची जागा धुऊन काढायची. रबराची चटई घासायची, तिच्याखालच्या जाड नमद्यावरही पाणी ओतायची. समोरच्या काचेवर आतून एक चिकट धुकं साठायचं, ते फडक्यानं पुसायची आणि ते फडकं काठीनं उचलून लांब दोरीवर टाकायची. ते धुकं म्हणजे मागच्या टाकीची वाफ, अशी तिची समजूत होती. पुसताना ती श्वास रोखून धरायची. सासू हसायची. मालक म्हणायचा, करू दे, फुकट गाडी धुतली जातेय.

आता गाडी बंद पडली त्या दिवसाचं.

पेठेच्या मधोमध, पावाच्या दुकानासमोर, इंजिनच्या उष्णतेचा काटा लाल रेघेवर गेला आणि पुढच्या झाकणाखालून वाफ आली. नवऱ्यानं गाडी बंद केली. टाकी गळ्यापर्यंत भरलेली होती. वर ऊन आलं होतं, बऱ्याच दिवसांनी आलेलं, आणि टाकी तापायला लागली होती.

पाववाला बाहेर आला. तो काही वाईट बोलला नाही. त्यानं फक्त विचारलं, ढकलू का. नवरा म्हणाला, ढकला. पाववाल्यानं आणि त्याच्या दोन गड्यांनी गाडी ढकलत शिंप्याच्या दुकानासमोर नेली आणि हात झटकून ते परत फिरले. शिंपी तोंडात टाचण्या धरून बाहेर आला. त्याला बोलता येत नव्हतं, पण त्यानं खांदा लावला. त्याच्या पुढं भांडीवाला, त्याच्या पुढं औषधवाला. त्या दिवशी पेठेत ढकलायला नाही असं एकही माणूस म्हणाला नाही. प्रत्येकानं गाडी आपल्या दारापासून पुढच्याच्या दारापर्यंत पोचवली, आणि अशा रीतीनं पेठेच्या एकजुटीमुळं गाडी गावाबाहेर निघाली. नवरा चाकावर बसून सगळ्यांना मान लववत होता. जावई पलीकडच्या फुटपाथवरून चालत होता, जणू त्याचा आणि गाडीचा काही संबंध नाही.

संध्याकाळी गाडी थंड होऊन घरी आली. मालक अंगणात वाकून गाडीखाली बघत राहिला. मग उठला, गुडघे झाडले.

"खाली थेंब नाही," तो म्हणाला. "म्हणजे वर घातलंच नाही."

नवरा म्हणाला, रोज सकाळी रेडिएटर गळ्यापर्यंत भरतो. मिस्त्रीनं दिलेल्या डब्यातलं हिरवं कुलंट, इंजिन थंड ठेवायचं ते, पाण्यात मिसळून भरतो. दुपारी बघतो तर निम्मं.

"मग गेलं कुठं?"

नवऱ्यानं पुन्हा एकदा झाकण उघडून आत बघितलं.

जावई ओट्यावर बसून नखं बघत होता. तो म्हणाला, मी काही म्हणत नाही. पण सकाळी पाणी भरताना मी तरी कधी कुणाला बघितलं नाही. हे खरं होतं. सकाळी पाणी भरायच्या वेळी जावई झोपलेला असायचा. पण ते बोलायचं कुणी, आणि सासरा-जावयाच्या मधे सुनेनं पडायचं कसं.

मालकानं चावी खिशात टाकली, पुन्हा काढली, मुलाच्या हातावर ठेवली. "आणखी एकदा तापली," तो म्हणाला, "की चाक जावयाकडं. तू पाइप धर. पाइपात पाणी भरावं लागत नाही, म्हणजे खोटंही बोलावं लागणार नाही."

सून दारात उभी होती. नवऱ्याच्या हातांकडं तिचं लक्ष गेलं. ते ग्रीसनं काळे झाले होते, पण ग्रीसच होतं ते. याच हातांनी पाइप धरला की काय होतं ते तिनं नणंदेच्या, म्हणजे जावयाच्या बायकोच्या, संसारात बघितलं होतं. नणंद नवऱ्याला पाणी देताना पेला जमिनीवर ठेवून दोन पावलं मागं सरकायची. नणंदेचं तर नाकही गेलेलं होतं. आपलं कसं होणार, याचा विचार सुनेच्या डोक्यात आला आणि त्या रात्रीपासून तिला जेवण जाईना.

दुसऱ्या दिवशी मालक, मुलगा आणि जावई गाडी घेऊन मिस्त्रीकडं गेले. मिस्त्रीचं गॅरेज मोठ्या रस्त्याच्या पलीकडं होतं. मिस्त्री ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, मळणीयंत्र करायचा, एकदा त्यानं प्रेतं नेणारी गाडीही केली होती आणि कुरकुर केली नव्हती. पण या गाडीसाठी त्याचा नियम होता की तिनं रस्ता ओलांडायचा नाही. गाडी अलीकडं झाडाखाली उभी राहायची आणि मिस्त्री पलीकडं टायरवर बसून, नाकाला फडकं बांधून, ओरडून सांगायचा. मधून ट्रक जायचे आणि निम्मं वाक्य घेऊन जायचे.

त्यानं सांगितलं, आधी सगळे होस, म्हणजे रबराचे पाइप, चाचपा. नवऱ्यानं चाचपले. कोरडे. क्लिपा बघा. घट्ट. वॉटर पंपाच्या खाली बोट फिरव. फिरवलं, कोरडं. रेडिएटरची जाळी बघ, कुठं हिरवा डाग आहे का. नाही. आता झाकण काढ आणि गाडी चालू कर, पाण्यात बुडबुडे येतात का बघ. बुडबुडे येत असतील तर इंजिनच्या आतलं पॅकिंग, हेड गॅस्केट, गेलं, मग माझं नाव घेऊ नका.

बुडबुडे नव्हते. इंजिन ऑइलची पट्टी काढून बघितली. ऑइल काळंच होतं. पाणी मिसळलं असतं तर दुधाळ झालं असतं, मिस्त्री ओरडला. सायलेन्सरचा धूर बघ, वास घे. गोड येतो का.

तिघांनी आळीपाळीनं सायलेन्सरला नाक लावलं आणि तिघांनीही पलीकडं कळवलं की वास नाही.

"तुमच्या नाकांचं मला सांगू नका," मिस्त्री म्हणाला. मग त्यानं बोटांवर हिशेब मांडला. पाणी बाहेर सांडत नाही, इंजिन पीत नाही. मालकानं मुलाकडं बघितलं, जावयानंही बघितलं. तेवढ्यात मिस्त्रीनं विचारलं, गाडीत हीटर आहे का.

इथं मालकाची मान ताठ झाली. हीटर होता. गाडी घेतानाच तो हीटर बघून मालकानं सौदा पक्का केला होता. कंपनीचा, मूळचा हीटर. गाडीतली तेवढीच एक वस्तू अजून कोरी होती, कारण तो कधी लावलाच नव्हता. त्या केबिनमध्ये असलेली हवा गरम करायची इच्छा कुणाला झाली नव्हती.

मिस्त्री म्हणाला, तुम्ही लावा नाहीतर लावू नका, इंजिनचं पाणी त्यातून फिरत असतंच. गंजून फुटला असेल. आत पायाशी गळत असेल. त्याचे दोन पाइप एकमेकांना जोडून टाका, हीटर बाहेर काढा.

"ज्याला हात लावला नाही ते बिघडेल कसं?" मालक म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. चांगला हीटर तो कुणाच्या शब्दावर कापू देणार नव्हता. आत गळतं म्हणतो, तर आत ओलं दाखवा. आणि आत तर रोजच ओलं असतं, ते सूनबाईच्या बादलीचं.

हे सगळं नवऱ्यानं संध्याकाळी सुनेला सांगितलं. ती त्या वेळी गाडीत होती, हातात फिनेलची बाटली, टोपण उघडलेलं. हीटर कुठं असतो, तिनं विचारलं. नवऱ्यानं डॅशबोर्डाखालच्या पेटीकडं बोट दाखवलं. ती पेटी बरोबर तिथं होती जिथं चटई सगळ्यात आधी भिजायची आणि सगळ्यात उशिरा वाळायची.

सून बाटलीकडं बघत राहिली. बाटलीत हिरवं पाणी. डब्यातलं कुलंट हिरवं. लग्न होऊन आल्यापासून ही जमीन एक दिवसही कोरडी नव्हती, आणि ती कोरडी राहू नये याची काळजी तिनंच घेतली होती. घाण दिसू नये म्हणून घातलेल्या पाण्यात दुसरं कुठलं पाणी मिसळत होतं ते तिलाच दिसलं नव्हतं. तिनं काचेवरच्या धुक्याला नखानं रेघ मारली. नख तेलकट झालं, मागच्या टाकीची वाफ अशी नसती. तिनं ते नाकाशी नेलं, पण लिंबाशिवाय काही कळेना. लिंबाच्या वासानं तिचं नाकही घरातल्या इतर नाकांसारखं करून ठेवलं होतं. ही गोष्ट तिला सगळ्यात जास्त झोंबली.

तिनं टोपण लावलं. "आज मी धुणार नाही," ती म्हणाली.

नवरा घाबरला. "बरं वाटत नाही का?"

तिनं चटई काढून कुंपणावर टाकली. नमदा पत्र्याला चिकटलेला होता, तो निघेना. मग ती घरात गेली आणि माहेरची पांढरी चादर घेऊन आली, पेटीत घडी घालून ठेवलेली, एकदाही न अंथरलेली. नवरा म्हणाला, अगं, ही इथं? ती म्हणाली, तुमचे पाय वर घ्या. आणि तिनं ती चादर मैल्याच्या गाडीच्या जमिनीवर अंथरली, चारी कोपरे नीट बसवून, जणू पाहुणे येणार आहेत.

सकाळी ती स्वतःही गाडीत बसली. मालक तिला हसला, पण नाही म्हणाला नाही. ती नवऱ्याशेजारी, दोन्ही पाय सीटवर घेऊन, पदर नाकाला, नजर चादरीवर.

काम मास्तरांच्या घरी होतं. मास्तरांनी झाकण उघडून ठेवलं होतं आणि स्वतः गच्चीवर जाऊन उभे होते. जावयानं चष्मा लावला, पाइप आत सोडला, पंप चालू झाला. पाइप उसळला, थरथरला आणि एखादा म्हातारा बशीतला चहा ओढतो तसा आवाज यायला लागला. सुनेनं कान झाकले. मग नाक मोकळं राहिलं. तिला तिसरा हात नव्हता. मधेच पाइप अडकला. जावयानं आत हात घालून एक चप्पल काढली. मास्तरांच्या बाईंनी खिडकीतून ती ओळखली, म्हणाल्या, हिला आम्ही दोन वर्षं शोधतोय, आणि क्षणभर असं वाटलं की त्या ती मागतात की काय.

गाडी भरून निघाली तेव्हा चादर पांढरी होती. चढावर इंजिन गुरगुरलं, काटा थोडा हलला. आणि डॅशबोर्डाखालच्या पेटीतून, आवाज न करता, एक थेंब पडला. चादरीवर हिरवा ठिपका उमटला. मग दुसरा, त्याच्याच शेजारी. ठिपके एकमेकांत मिसळले. सुनेनं नवऱ्याच्या बाहीला धरून ओढलं आणि बोट दाखवलं. नवऱ्यानं बघितलं आणि गाडी रिकामी करायला न नेता मिस्त्रीच्या झाडाखाली उभी केली.

मालकाला निरोप गेला. तो छत्री घेऊन आला, मागून सासूही. सासूला बाकी कसला वास येत नसला तरी भांडणाचा यायचा.

मालकानं चादर बघितली. तोवर ताटाएवढा डाग झाला होता. जावई मागून डोकावला. म्हणाला, मी काही म्हणत नाही, पण हे वहिनींचं फिनेल आहे. खालचा नमदा महिनोन्‌महिने भिजलाय, गाडी हलली की वर येणारच. त्याचाही रंग हिरवाच की. मालकाला ते पटलं. मग त्याला आणखी एक शंका आली. त्यानं मागं टाकीकडं बघितलं आणि म्हणाला, की मागूनच काही पुढं आलंय?

नवरा म्हणाला, वरून पडताना आम्ही बघितलं. मालक म्हणाला, तू बघणारच, तुला चाक हवंय.

तेव्हा रस्त्यापलीकडून मिस्त्री ओरडला. "चाखून बघा." एक ट्रक गेला. "कुलंट गोड लागतं. फिनेल कडू. तिसरं काय असेल ते तुमचं तुम्हाला माहीत."

झाडाखाली सगळ्यांनी चादरीकडं बघितलं.

नवऱ्यानं हात पुढं केला. मालकानं तो धरला. "तू काहीही लागलं तरी गोडच म्हणणार. आणि हा," जावयाकडं बघून, "कडू म्हणणार." मालकाची स्वतःची जीभ तंबाखूनं कधीच गेली होती, भाजीत मीठ नसलं तरी तो दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा. सासू म्हणाली, माझ्याकडं बघू नका, मी आंघोळ केलीय.

मग मालक सुनेकडं वळला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात मान होता.

"सूनबाई," तो म्हणाला, "तू काय म्हणशील ते मला नकोय. तू फक्त चाख. मी तुझ्या तोंडाकडं बघतो. ते कधी खोटं बोललेलं नाही."

सासूनं मान डोलावली. खरंच होतं ते.

नवरा म्हणाला, राहू दे, मी पाइप धरीन. तो मनापासून म्हणाला. सुनेनं त्याच्या हातांकडं बघितलं. मग तिनं चादर उचलली, तिचा एक कोपरा पिळला, आणि औषधाच्या टोपणात धरावं तसं थोडं पाणी तळहातात धरलं. ते कोमट होतं. त्यात पत्र्याच्या गंजाचा एक कण फिरत होता. 'ताजे व शुद्ध' तिच्या डोक्याच्या बरोबर वर होतं, आणि त्याच्याखाली मास्तरांचं अख्खं घराणं गदगदत होतं. तिनं बोट बुडवलं. सगळे पुढं झुकले. तिनं बोट जिभेवर ठेवलं.

तिचं तोंड वाकडं झालं नाही.

उलट ते सैल झालं. कपाळावरची आठी, जी लग्नाच्या दिवसापासून तिथंच राहायला आली होती, ती उतरली. लहानपणी खोकल्याचं औषध असायचं, चमचा पुन्हा पुन्हा चाटावा असं, अगदी तसं ते गोड होतं. त्या घरात आल्यापासून तिला आवडलेली ती पहिली चव होती. हे तिच्या लक्षात आलं, आणि मालकाच्याही.

"गोड आहे," मालक म्हणाला, तिच्या तोंडाकडं बघून. तिनं एक शब्दही उच्चारला नव्हता.

पलीकडून मिस्त्री उठून उभा राहिला होता. "थुंक," तो ओरडत होता. "थुंक, चूळ भर, विष असतं ते." हे आधी सांगायचं त्याच्याकडून राहून गेलं होतं.

सून थुंकली. मग झाडाला धरून तिनं सकाळपासूनचं सगळं काढलं, आणि आदल्या रात्री जे खाल्लं नव्हतं तेही निघतंय की काय असं तिला वाटलं. सासू तिची पाठ चोळत म्हणाली, बघा, आता झालं तोंड वाकडं. जावई गाडीच्या मागं गेला आणि पाइपाला उगाचच फडकं मारायला लागला.

मिस्त्रीनं ओरडून सांगितलं तसं नवऱ्यानं हीटरचे दोन होस काढले आणि एका छोट्या नळीनं एकमेकांना जोडले. हीटर बाहेर निघाला. तो तळाशी चाळणीसारखा झाला होता. मालकानं तो फेकू दिला नाही. मांडीवर घेऊन घरी आला आणि कपाटावर ठेवला. नवऱ्याला तो काही बोलला नाही, चुकलं असंही म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी चावी नवऱ्याच्या खिशातच होती आणि ती कुणी मागितली नाही, एवढंच. त्यानंतर रेडिएटरमधलं पाणी सकाळी जेवढं, संध्याकाळी तेवढंच.

चादर सासूनं जाळून टाकली आणि त्या रात्री जेवताना घरानं ठरवलं की हे घडलेलं नाही. सुनेनं मैल्याच्या गाडीतलं पाणी चाखलं हे गावात गेलं तर तिच्या हातचं पाणी कोण पिणार. मिस्त्रीला तशी ताकीद गेली. मिस्त्री म्हणाला, मी लांब होतो, मला काही दिसलं नाही.

एवढ्यावर संपलं असतं तर सुनेनं काही मनात ठेवलं नसतं. पण चार दिवसांनी अंगणात गाडीखाली एक काळपट थेंब पडलेला मालकाला दिसला. तो वाकला, बोट लावलं, बोट डोळ्यांसमोर धरलं. त्याला काही कळेना. मग घराकडं तोंड करून त्यानं हाक मारली, अगदी प्रेमानं.

"सूनबाई, जरा ये गं. बघ हे कशाचं आहे."

ती आली. मालक थेंबाकडं नाही, तिच्या तोंडाकडं बघत उभा होता. तेव्हापासून हे सुरू झालं. ब्रेकजवळ ओलं दिसलं, सूनबाई. डिझेलमध्ये पाणी वाटलं, सूनबाई. ती नुसतं नाक पुढं करून सांगायची, ऑइल आहे, डिझेल आहे. मालकाचं समाधान होत नसे. नाकाचं काय, तो म्हणायचा, नाक सगळ्यांनाच असतं. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यालाही त्यानं एकदा सांगितलं की आमच्याकडं एक सोय आहे, कुठून शिकलो ते विचारू नका. संध्याकाळी ती पुन्हा फिनेल घेऊन गाडी धुवायची, आता चटई उचलून, खालून कोरडं आहे ना ते बघून. लिंबाचा वास आता तिला आवडेनासा झाला होता.

शेवटी तिनं वडिलांच्या वळणाच्या अक्षरात, समास सोडून, एक अर्ज लिहिला. तो गाडीत खिळ्याला लावला, मालकाला दिसेल असा. मालकाला वाचताना चष्मा लागतो आणि चष्मा घरी असतो. त्यानं त्या कागदाच्या पाठीला ऑइलची पट्टी पुसली आणि तो परत खिळ्याला लावला. अर्ज अजून तिथंच आहे आणि पुढची बाजू वाचता येते.

मा. मालकसाहेब यांच्या सेवेशी.

विषय: अर्जदाराची जीभ गाडीच्या हत्यारांतून कमी करण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज सादर करते की, जी घटना घडलेली नाही असे घराने एकमताने ठरविले आहे, त्या न घडलेल्या घटनेच्या आधारे अर्जदाराची जीभ ऑइल, ब्रेकचे तेल, डिझेल, बॅटरीचे पाणी (प्रस्तावित) व ओळख न पटलेले इतर द्रव यांच्या तपासणीकामी मागविण्यात येत आहे. तरी मेहेरबान होऊन सदर जीभ पाना, पक्कड व जॅक यांच्यासोबत न धरता अर्जदारास तिच्या मूळ कामासाठी, म्हणजे जेवणे व बोलणे यांकरिता, परत करण्याचा हुकूम व्हावा, ही नम्र विनंती. बोलण्याचे नामंजूर झाल्यास निदान जेवण्यापुरती तरी परत मिळावी.